नवा डोळा आणि नवा टीव्ही

गुढीपाडव्याला नवा टीव्ही आला, तेव्हा मी त्याची पूजा केली आणि कुंकवाचं स्वस्तिक थेट पडद्यावर काढलं.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो, की जुन्या टीव्हीला चांगली रुंद काळी चौकट होती आणि स्वस्तिकाला तिथे हक्काची जागा होती. नव्याला चौकटच नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसता पडदा. ओलं कुंकू बोटावर घेऊन मी जागा शोधत राहिलो, ते ठिबकायला लागलं, तेव्हा खालच्या कोपऱ्यात घाईघाईने उरकून टाकलं.

"अहो, भिंतीवर काढायचं होतंत ना," मागे ताट घेऊन उभी असलेली बायको म्हणाली.

भिंत मला सुचलीच नव्हती. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने धीर दिला. पडद्यावर पातळ प्लास्टिक आहे म्हणाला, ते ओढून काढलं की स्वस्तिकही निघून जाईल. पण नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायची आमच्या घरात पद्धत नाही. आमच्या फ्रिजच्या मुठीवर अजून त्याचं मूळचं प्लास्टिक आहे आणि सगळे रिमोट पिशवीत राहतात. तेव्हा प्लास्टिक राहिलं, स्वस्तिक राहिलं, आणि त्याच प्लास्टिकवर वरच्या कोपऱ्यात चिकटवलेलं 'फोर-के' असं सोनेरी लेबलही राहिलं. त्या लेबलाने मला पुढे जेवढं अडकवलं तेवढं स्वस्तिकाने नाही.

टीव्ही घेतला तो नानांसाठी. नाना म्हणजे माझे वडील. इगतपुरीला रेल्वेत होते, कसारा घाटात गाडीला मागून रेटा देणारं इंजिन चालवायचे. आई गेल्यावर ते आमच्याकडे नाशिकला आले. होळीच्या आधी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याची तारीख पाडव्यानंतरच्या आठवड्यात होती. नव्या डोळ्याला नवा टीव्ही, असं माझं गणित.

नाना मालिका बघत नाहीत, बातम्या बघत नाहीत. ते गाडी चालवतात. आमची मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचा शाळेत असतानाचा, टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल इथेच राहिला, आणि एका दिवाळीला तिने आजोबांना आगगाडी चालवायचा गेम आणून दिला. देश परका, स्टेशनं ओसाड, फलाटावर चहावाला नाही, यावर नानांचा सुरुवातीला आक्षेप होता. पण सिग्नल बघितल्यावर ते हललेच नाहीत. रोज चहा झाला की दिवाणावर मांडी घालून बसायचे आणि गाडी सोडायची.

इंजिनात दोघं असतात. एकाने सिग्नल बघून मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तो तसाच उलट म्हणायचा, मग पुढचं. नाना ही सवय विसरलेले नाहीत. स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल तो 'होम', आणि त्याच्या बराच आधी त्याची खबर देणारा तो 'डिस्टंट'. "होम हिरवा," ते हॉलमधून म्हणायचे. पहिल्या दिवशी कुणीच उत्तर दिलं नाही, तर त्यांनी गाडी उभी करून ठेवली. तेव्हापासून बायको स्वयंपाकघरातून उत्तर द्यायला लागली. "होम हिरवा." कढईत मोहरी तडतडत असायची आणि ही झारा हातात धरून "डिस्टंट पिवळा" म्हणायची. एकदा मी उत्साहाने "पिवळा" म्हणालो, तर नाना म्हणाले, "तू नको. तू न बघता बोलतोस." बायकोही बघत नव्हती. पण तिचा आवाज त्यांना जबाबदार वाटत असावा.

तर नवा टीव्ही आला. जुना चांगला चालू होता, तो मी खाली सोसायटीच्या ऑफिसला देऊन टाकला. तिथे संध्याकाळी निवृत्त मंडळी कॅरम खेळतात. देताना छोटंसं भाषणही केलं. आमच्याकडे आता फोर-के आलेला आहे, याहून स्वच्छ चित्र अख्ख्या नाशकात मिळणार नाही, वडिलांचा गेमसुद्धा आता फोर-के, वगैरे. टाळ्या झाल्या. सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी त्या जुन्या टीव्हीच्या चौकटीवर पांढऱ्या रंगात 'सप्रेम भेट' लिहून खाली माझं नाव आणि फ्लॅट नंबर रंगवून घेतला. खुर्च्यांवर, पंख्यावर, पाण्याच्या टाकीवर लिहितात तसं.

नाना समोरच उभे राहून माझं भाषण ऐकत होते, हे इथे सांगून ठेवतो.

डॉक्टरांनी टीव्ही बघायला परवानगी दिली त्या दिवशी आम्ही सगळे हॉलमध्ये जमलो. गाडी सुटली. पडदा एवढा मोठा आणि हॉल एवढा लहान, की गाडी आमच्या अंगावर येतेय असं वाटत होतं. नाना थोडे पुढे वाकले. मग आणखी वाकले. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या क्षणी पडद्यावर लाल पट्टी आली आणि गाडी जागच्या जागी थांबली. धोक्याचा सिग्नल ओलांडला म्हणून फेरी रद्द.

घाटात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने लाल सिग्नल ओलांडला. मी हसून म्हणालो, "होतं नाना, गेम आहे." बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून पाणी प्यायला गेलो.

नानांनी हातातलं ते बटणांचं यंत्र नीट उशीवर ठेवलं. त्या दिवसापासून चहा झाला की ते गॅलरीत जाऊन बसायला लागले. स्वयंपाकघरात नुसती मोहरी तडतडायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवताना ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "त्या डाव्या डोळ्याचं राहू दे. डॉक्टरला फोन कर. हाय तसा राहू दे तो. निदान एक तरी."

मग उलगडलं. त्यांना लांबचे सिग्नल दिसत नव्हते. गडद रात्रीत दिवा असावा तसा लखलखीत ठिपका हवा, तिथे त्यांना पुसट डाग दिसत होता. लाल की पिवळा कळत नव्हतं. त्यांनी काढलेला अर्थ एकच, ऑपरेशन केलेला डोळा बिघडला. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला. नानांनी शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचला. "डोळा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. मी खूश. गाडीत बसल्यावर नाना म्हणाले, "तो तक्ता मला पाठ हाय."

"म्हणजे?"

"रेल्वेत डोळ्यांचं मेडिकल असायचं. नापास झालो तर इंजिनवरून खाली. शेवटच्या वर्षांत पाठच करून जायचो. अजून म्हणून दाखवू का?"

त्यांनी म्हणूनही दाखवला. गंगापूर रोडच्या सिग्नलला मी तो पूर्ण ऐकला.

आता माझी काय अवस्था झाली ते बघा. डोळा आणि टीव्ही एकदमच नवे आलेले. नव्या डोळ्याने त्यांनी जुन्या टीव्हीवर कधी गाडी चालवली नव्हती आणि जुन्या डोळ्याने नव्यावर. दोघांतला कोण दोषी हे सांगणार कसं? माझ्या मनात शंका होती ती प्लास्टिकची. कुंकू आणि प्लास्टिक मिळून चित्र धूसर झालं असणार. मी नानांना समोर बसवलं, कोपरा नखाने सोडवला आणि सर्रकन प्लास्टिक ओढलं. स्वस्तिकही गेलं आणि सोनेरी लेबलही गेलं. पडदा आरशासारखा. "आता बघा," मी म्हणालो.

नाना बराच वेळ बघत राहिले. "तसंच हाय," ते म्हणाले. आधी निदान प्लास्टिकवर ढकलायला जागा होती, तीही मी काढून घेतली होती.

मग मला वाटलं, जवळून बघतात म्हणून असेल. दिवाण मागे सरकवायचा. हॉलला मागे भिंत, म्हणून तो तिरका करून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेला. नाना बसले. "इथून डाग जरा लहान दिसतो," ते म्हणाले. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, की मी बाहेर कशी येऊ. दिवाण दारात घट्ट बसला होता. पुढे ओढावा तर त्यावर नाना, आणि नाना उतरायला तयार नाहीत, कारण पडद्यावर गाडी चालू, आणि चालती गाडी सोडून उतरायचं नसतं. पुढचं स्टेशन येईपर्यंत बायको आत, मी बाहेर, आणि नाना दारात. त्या वेळात तिने आतून मला जे काही सांगितलं, त्यातलं बरंचसं फोनवर दुसऱ्या कुणाला तरी माझ्याबद्दल सांगत असल्यासारखं होतं, पण फोन बाहेर चार्जिंगला होता.

त्या संध्याकाळी मी गॅलरीचं दार लावून पुण्याला मुलीला फोन लावला.

"बाबा, त्या कन्सोलचं वय बघा ना," ती म्हणाली. "मी नववीत होते तेव्हाचा आहे तो."

"पण टीव्ही फोर-के आहे."

"टीव्ही आहे. कन्सोल नाही. कन्सोलला जेवढं चित्र काढता येतं तेवढंच तो पाठवणार. उरलेली जागा टीव्ही अंदाजाने भरतो. आईला विचारा, एका पोळीच्या कणकेत चार पोळ्यांएवढी मोठी पोळी लाटली तर काय होतं."

मला विचारायची गरज नव्हती, मी लाटून बघितलेली आहे.

"मग त्याच्या सेटिंगमध्ये वाढवून टाकतो."

"वाढवणार कुठून? चित्र मोठं काढायचं म्हणजे चौपट ठिपके, तेही गाडी पळत असताना. त्याच्यात तेवढी ताकदच नाही. आणि आजोबांचा तो बारका सिग्नल म्हणजे मोजून दोन-चार ठिपके. ते पसरले की डाग होणारच."

"मग नवा घेतो."

"घ्या. खोक्यावर फोर-के लिहिलेलंही असेल. पण त्यातले कितीतरी गेम आतून लहान चित्रच काढतात आणि मोठं करून दाखवतात. खरंच पूर्ण काढायला लावलं तर काही गेम अडखळतात. आणि आजोबांचा गेम जुना आहे, तो नव्यावर चालेल की नाही हेच आधी बघावं लागेल." मग ती थांबली. "बाबा, तुम्ही खरेदी विभागात आहात ना?"

आहे. अंबडच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं खरेदी विभागात आहे. पुरवठादाराने पाठवलेल्या मालावर नुसता शिक्का असेल तर मी तो परत पाठवतो, आधी तपासणी दाखवा म्हणतो. आणि घरी एका सोनेरी लेबलावर विश्वास ठेवून मी गावभर भाषण केलं.

तरी एक आशा म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी नाना झोपलेले बघून मी कन्सोलचं सेटिंग उघडलं. चित्राच्या आकारांची यादी होती. मी वर वर जात राहिलो. सगळ्यांत मोठ्या आकारापुढे बरोबरची खूण आधीच होती. मुलीनेच कधीतरी करून ठेवली असणार. त्याच्या वर काही नव्हतं. खाली फक्त 'मागे जा'.

"काय शोधतोस?" दिवाणावरून आवाज आला. नाना जागे होते.

मी सांगून टाकलं. म्हटलं, नाना, दोष तुमच्या डोळ्यात नाही. कन्सोल जुना आहे, त्याला एवढ्या मोठ्या पडद्याचं चित्र झेपत नाही.

नाना उठून बसले. "परवा प्लास्टिकचा दोष होता," ते शांतपणे म्हणाले. "काल अंतराचा. आज खोक्याचा. उद्या भिंतीचा काढशील."

"नाही, खरंच. तुमच्या नातीने सांगितलंय."

"तूच म्हणालास ना खाली, सगळ्यांसमोर? यापरीस स्वच्छ चित्र नाशकात नाय म्हणून? माझा गेमबी फोर-के झाला म्हणून?"

"ते चुकून बोललो."

"चुकून नाय. आता बोलतोस ते मला बरं वाटावं म्हणून. मेडिकलच्या आदल्या दिवशी तुझी आईबी असंच बोलायची. तुमचे डोळे अजून घारीसारखे हायेत म्हणायची. मी पाठ करतोय ते तिला दिसत होतं ना."

मी बढाई मारली ती पुरावा झाली होती आणि खरं बोललो ते सांत्वन ठरलं. डॉक्टरचा तक्ता बाद. माझा शब्द बाद. तारीख उद्यावर आलेली. आणि डाव्या डोळ्याने आता नानांना समोरच्या माणसाचा चेहराही धड दिसत नव्हता. तो मोतीबिंदू पिकत चाललाय, फार थांबू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नानांनी उद्याच्यासाठी काढून ठेवलेला सदरा परत कपाटात ठेवला होता. ते मी बघितलं.

बायको शिक्षिका आहे; ती शाळेतून आली तेव्हा मी हॉलमध्ये त्या आरशासारख्या पडद्यासमोर बसलो होतो. टीव्ही बंद होता आणि त्यात मीच दिसत होतो, बऱ्यापैकी स्पष्ट. मी तिला सगळं सांगितलं. तिने पर्स खुर्चीला अडकवली आणि म्हणाली, "जुना टीव्ही खाली आहे ना."

मला ते सुचलं नव्हतं असं नाही. दुपारीच सुचलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं.

"आत्ता खाली सगळे असतील," मी म्हणालो.

"असू देत की."

"सकाळी जाऊ. सकाळी कुणी नसतं."

"सकाळी दवाखाना आहे. म्हणजे असला तर."

मग उठलो, कन्सोलच्या वायरी काढल्या, तो काखेत घेतला. नाना आधी येईनात. बायको त्यांना म्हणाली, "नाना, एक फेरी. मला तुमच्याबरोबर यायचंय." ते उठले.

सोसायटीच्या ऑफिसात कॅरम रंगात आला होता. मला कन्सोलसकट बघून सेक्रेटरी म्हणाले, "या या, फोर-के आले." सगळे हसले. मीही हसलो, न हसून जाणार कुठे. माझ्याच नावाखाली वाकून, 'सप्रेम भेट'च्या खाली, मी वायरी जोडल्या. फ्लॅट नंबर अगदी डोळ्यांसमोर येत होता. मंडळींनी कॅरम थांबवून खुर्च्या वळवल्या, कारण काय चाललंय ते कुणालाच कळेना, आणि सांगायची माझी तयारी नव्हती.

गाडी सुटली. तोच मार्ग, तोच जुना टीव्ही, लहान, चारी बाजूंनी काळी चौकट. नाना खुर्चीत ताठ बसले होते. मग त्यांनी एक गोष्ट केली जी आमच्यापैकी कुणी सांगितली नव्हती. डावा तळहात उचलून त्यांनी डावा डोळा झाकून घेतला. उजव्या हातात यंत्र, उघडा फक्त नवा डोळा.

"डिस्टंट," नाना म्हणाले आणि थांबले. "पिवळा."

गाडी तशीच चालली होती. नाना उत्तराची वाट बघत होते, आणि मला माझ्यावर भरवसा नव्हता.

"डिस्टंट पिवळा," दारात उभी राहून बायको म्हणाली.

नानांचा अंगठा हलला. गाडी हळू झाली. वळण आलं, वळणामागे एक खांब, खांबावर दिवा, दाण्याएवढा.

"होम लाल."

"होम लाल."

गाडी थांबली. खांबाच्या बरीच अलीकडे, आरामात. नानांनी तळहात खाली घेतला आणि उजवा डोळा दोन-तीनदा मिचकावला.

"का हो, थांबली का?" कॅरमवाल्यांपैकी एकाने विचारलं.

"लाल हाय ना," नाना म्हणाले. मग ते सेक्रेटरींकडे वळले. बरेच दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा होता, म्हणून सगळ्या ऑफिसात ऐकू गेला. "आमच्या वरच्या टीव्हीत हा लाल दिसतच नाय. पोराने पडदा लय मोठा घेतला, पण खोकं लहान पडलं. चित्र फाटतं."

"म्हणजे फोर-के नाही?" सेक्रेटरींनी मला विचारलं.

"टीव्ही आहे," मी म्हणालो. "बाकीचं नाही."

पुढे जे हसू उसळलं त्यात कुणाचा तरी स्ट्रायकर खाली पडला. नाना हसले नाहीत. सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत होते. तो झाला, त्यांनी सांगितला, बायकोने उलट म्हटला, आणि गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत नेऊन मगच ते उठले. लिफ्टपाशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

"आठला."

"मग तो सदरा बाहेर काढून ठेव."

ते लिफ्टने पुढे गेले. मी कन्सोल काखेत आणि वायरी गळ्यात घेऊन लिफ्टची वाट बघत उभा होतो. ऑफिसातून अजून अधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. बायकोने वायरीचं एक लोंबतं टोक उचलून माझ्या खिशात खोचलं.

"डोळ्याचं झालं की वरचा टीव्ही खाली द्या आणि हा जुना वर आणा," ती म्हणाली. "भाषण करू नका. आणि नाव पुसायला लावू नका, राहू दे तसंच. पुढच्या पाडव्याला चौकटीवर त्याच्या शेजारी स्वस्तिकाला जागा आहे."